छतातून ऊब निसटतेय हे ओळखायचं कसं?

सकाळची_फेरी

बर्फाळ हवेत राहणाऱ्यांना विचारायचं आहे. आमचं घर दुमजली आहे. छप्पर उतरतं, वर वापरात नसलेला माळा. परवा रात्री हलका बर्फ पडला. सकाळी बघितलं तर शेजारचं छप्पर पांढरंशुभ्र आणि आमचं आढ्यापासून निम्म्यापर्यंत उघडं, ओलं. वळचणीला मात्र बर्फाचे हे एवढाले सुळके. दोन्ही घरं एकाच वेळी बांधलेली, कौलंही सारखीच.

शेजारी म्हणतात, "तुमची सगळी ऊब छपरातून चाललीय." घरात तसं काही जाणवत नाही. वरच्या खोल्या उलट जरा जास्तच गरम असतात, खालच्या दिवाणखान्यात पायाला गार लागतं. म्हणजे दोष खिडक्यांचा असावा असं आमच्या घरातलं मत. छपराचं खरंच काही बिघडलंय की उन्हाचा खेळ आहे, हे पैसे न घालता कसं ओळखावं? कंत्राटदाराला बोलावलं की तो काम काढणारच, म्हणून आधी इथे विचारतोय.

निवांत_नाना

आधी तुमचं छप्पर कुठल्या दिशेला उतरतं ते सांगा. उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेकडच्या उतारावरचा बर्फ ऊन आलं की तासाभरात उतरतो, त्यात छपराचा काय दोष? शेजाऱ्यांच्या घरावर झाडाची सावली असेल. लोक उगाच घाबरवतात. बाकी ते सुळके मात्र मला आवडले नाहीत.

कडीपाट

घरांच्या तपासण्या करणं हा माझा कामाचाच भाग आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

नानांचा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच कधी बघता याला फार महत्त्व आहे. दुपारी छप्पर बघून काहीच सांगता येत नाही. ऊन, गडद कौलं, वाऱ्याने उडालेला बर्फ, धुराड्याची धग अशी सगळ्याची सरमिसळ झालेली असते. सूर्योदयाच्या आधी बघा, हवा शून्याच्या खाली असताना, वारा पडलेला असताना. आणि बर्फ पातळ हवा, तीन-चार सेंटीमीटरचा. ताजा भुसभुशीत बर्फ स्वतःच चांगला उष्णतारोधक असतो. फूटभर साचला की त्याच्याखालचं छप्पर बाहेरच्या गार हवेपासून तुटतं, आणि मग उत्तम छपरावरचाही सगळ्यात खालचा थर वितळायला लागतो. तेव्हा जाड बर्फावरून निदान करू नये.

दुसरं, शेजाऱ्याच्या घराशी तुलना नको. ते हीटिंग १५ अंशांवर ठेवत असतील, गावाला गेले असतील, वरचा मजला बंद ठेवत असतील. तुम्हाला काय माहीत? तुमच्याच घराचा न तापवलेला भाग शोधा. गॅरेज, पोर्च, नाहीतर भिंतीच्या बाहेर आलेली वळचण. तेच कौल, तोच उतार, तीच दिशा, तोच बर्फ, फक्त खाली तापवलेली खोली नाही. गॅरेजवर बर्फ जसाच्या तसा आणि त्याला लागून असलेल्या खोल्यांवर उघडं छप्पर, मधली सीमा भिंतीच्या रेषेत सरळ, असं दिसलं तर त्यात वाद घालायला जागा राहत नाही. दोन्हीकडे सारखंच वितळलं असेल तर नानांचं बरोबर, तो उन्हाचा नाहीतर हवेचा प्रताप.

बर्फ पडायची वाट बघायची नसेल तर दहिवर चालतं. किंबहुना मला तेच जास्त आवडतं. निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे उष्णता फेकत राहतं आणि हवेपेक्षा काही अंशांनी जास्तच गार होतं, त्यामुळे हवा शून्याच्या किंचित वर असली तरी कौलांवर दहिवर गोठतं. ज्या जागी खालून ऊब येतेय तिथे ते गोठत नाही, काळा ओला ठिपका राहतो. फक्त वर झाडाची फांदी किंवा बाजूला उंच भिंत असेल तर तिच्या आडोशालाही दहिवर धरत नाही. तो ठिपका मोजायचा नाही.

आता आकार वाचा. पाइपाभोवती वाटोळा उघडा डाग असेल तर पाइप जिथून छतातून वर जातो तिथे फट आहे. न्हाणीघराच्या वर मोठा ओघळता डाग असेल तर बहुतेक वेळा एक्झॉस्ट फॅनचा पाइप माळ्यावरच सोडून दिलेला असतो, बाहेर काढलेला नसतो. आणि वाशांच्या रेघा दिसल्या तर नीट बघा. छत वाशांनाच ठोकलेलं असेल, म्हणजे मधे माळा नसेल, तर वासे जिथे आहेत तिथेच बर्फ वितळून काळ्या रेघा उमटणं हे त्यातल्या त्यात बरं लक्षण. वाशांच्या मधे इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) आहे आणि लाकूड त्याच्यापेक्षा जास्त उष्णता जाऊ देतंय, एवढाच त्याचा अर्थ. याच्या उलट, वाशांवर बर्फाच्या पांढऱ्या रेघा शिल्लक आणि मधली जागा उघडी, असं असेल तर वाशांच्या मधे काही घातलेलंच नाही किंवा घातलेलं खाली घसरलंय. रिकाम्या पोकळीपेक्षा लाकूड बरं, म्हणून तिथला बर्फ टिकला.

उलटतपासणी

कडीपाट, छान लिहिलंय, पण सुळक्यांवरून निष्कर्ष काढण्याबद्दल माझा आक्षेप आहे. सुळके तर गॅरेजलाही लागतात. दिवसा ऊन, रात्री गारठा, पन्हळीत पानं अडकलेली, एवढ्यावर सुळके होतात. त्यासाठी घरातली ऊब लागत नाही.

आणि आढ्याजवळचा बर्फ वाऱ्याने उडतो, तो नेहमीच आधी उघडा पडतो. धागाकर्त्याने सांगितलेलं 'आढ्यापासून निम्म्यापर्यंत' हे अगदी त्याच वर्णनात बसतं.

कडीपाट

सुळक्यांबद्दल सहमत. नुसते सुळके म्हणजे पुरावा नव्हे. पण दोन-चार दिवस ढगाळ आहे, हवा शून्याच्या वर गेलेली नाही आणि तरीही सुळके रोज लांबतायत, तर ते पाणी येतंय कुठून? तेव्हा वितळवणारी ऊब आतूनच येत असते. वरच्या भागात कौलं शून्याच्या वर, बर्फ वितळतो, पाणी बर्फाखालून खाली घरंगळतं आणि वळचणीशी येऊन गोठतं, कारण वळचणीखाली खोली नाही, बाहेरची हवा आहे. तिथे बर्फाचा बांध तयार होतो. पुढचं पाणी त्या बांधामागे तुंबतं आणि कौलाखाली शिरतं. कौलं वरून खाली वाहणाऱ्या पाण्यासाठी असतात, साचलेल्या पाण्यासाठी नाहीत. घरात भिंतीच्या वरच्या कडेला डाग पडतात ते असे. सुळक्यांपेक्षा त्यांच्यामागे हा बांध आहे का ते जमिनीवरूनच बघा. छपरावर चढू नका!

आणि वाऱ्याने उघडं पडलेलं छप्पर कोरडं असतं. धागाकर्त्याने 'ओलं' लिहिलंय. वारा बर्फ उडवतो, वितळवत नाही.

उलटतपासणी

'ओलं' माझ्या नजरेतून निसटलं होतं. बरोबर.

माळ्यावरची

मी तर म्हणते, बाहेरून छप्पर बघत बसण्यापेक्षा सरळ माळ्यावर चढा. तिथे दहा मिनिटांत जे दिसतं ते बाहेरून महिनाभर दिसणार नाही. टॉर्च, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे. पाय फक्त तुळयांवर. मधे पाय पडला की खालच्या खोलीच्या छतातून खाली. माळ्यावर करड्या-सोनेरी, अभ्रकासारख्या चकाकणाऱ्या बारीक खड्यांचा थर दिसला तर हात न लावता खाली या. जुन्या घरांत तो व्हर्मिक्युलाइट असतो आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. आधी तपासून घ्यायचं.

वर गेल्यावर पहिलं काम म्हणजे दिवा न लावता मिनिटभर थांबायचं. दिवसाची वेळ असेल आणि खालच्या खोलीतला दिवा लावून ठेवला असेल तर छतातल्या भोकांतून उजेड वर येताना दिसतो. जिथून उजेड येतो तिथून हवाही येते.

मग ग्लासवूल बघा, म्हणजे इन्सुलेशनसाठी अंथरलेला काचेच्या तंतूंचा कापसासारखा थर. आमच्याकडे गुलाबी ग्लासवूल होतं. एका ठिकाणी विजेची वायर खालून वर येत होती. तिच्याभोवती ते इतकं काळं पडलेलं की आधी मला बुरशी वाटली. कोपरा उचलला तर खालच्या बाजूने अजूनच काळं, आणि बरोबर त्याच्याखाली भिंतीच्या माथ्याच्या लाकडात बोट जाईल एवढं भोक. घरातली हवा वर्षानुवर्षं त्या भोकातून वर जात होती आणि ग्लासवूलने तिच्यातली धूळ गाळून धरली होती. हवा मात्र आरपार गेली. ग्लासवूल धूळ अडवतं, हवा अडवत नाही, हे तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. तेव्हापासून माळ्यावर गेले की मी जाडी नंतर मोजते, आधी काळे डाग शोधते.

शिवाय कडाक्याच्या थंडीत छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांची टोकं बघायची. टोकांवर पांढरं दहिवर धरलं असेल तर घरातली दमट हवा वर येतेय. खिळा लोखंडी, बाहेरच्या गारठ्याने सगळ्यात आधी गार होतो, वाफ तिथे जमते. ऊन पडलं की ते वितळून खाली टपकतं आणि ग्लासवूलवर ओळीने छोटे छोटे खड्डे पडतात. लोकांना वाटतं छप्पर गळतंय.

निवांत_नाना

पण माळा गरम असतो हे चांगलंच ना? वर ऊब राहिली तर खाली राहील.

कडीपाट

नाना, नेमकं उलटं, आणि हा गैरसमज फार आहे. इन्सुलेशन माळ्याच्या जमिनीवर अंथरलेलं असेल तर हिवाळ्यात माळा बाहेरच्याइतकाच गार असायला हवा. बाहेर उणे ५ आणि माळ्यावर अधिक १० असेल, तर त्या मधल्या १५ अंशांचं बिल तुम्ही भरताय. माळ्यावर साधा थर्मामीटर ठेवणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. रात्रभर ठेवा, पहाटे बाहेरचं आणि माळ्यावरचं तापमान ताडून बघा. दोन-चार अंशांचा फरक चालेल.

अपवाद एकच. काही घरांत इन्सुलेशन वाशांच्या मधे, छपराच्या उताराला लावलेलं असतं. तिथे माळा हा घराचाच भाग, तो उबदारच असणार. म्हणून आधी थर कुठे आहे ते बघा, मग तापमानाचा अर्थ लावा. काही घरांत दोन्हीकडे थोडं थोडं घातलेलं असतं आणि नीट कुठेच नसतं, ती वेगळीच कटकट.

सकाळची_फेरी

सगळ्यांचे आभार. माळ्यावर जाऊन आलो. तुळयांच्या मधे ग्लासवूल आहे, अंदाजे दहा सेंटीमीटर, काही ठिकाणी पूर्वी कुणीतरी सामान ठेवून दाबून टाकलेलं. थर्मामीटर पहाटे बघितला, बाहेर उणे ४, माळ्यावर ९. आणि न्हाणीघराच्या फॅनचा लवचीक पाइप वळचणीच्या दिशेने नेऊन तिथे नुसता ठेवून दिलाय! तोंडाभोवतीच्या फळ्या काळ्या पडल्यात.

गॅरेजवरचा बर्फ शाबूत होता हेही आठवतंय, घरात फोटो निघाला. सीमा अगदी भिंतीच्या रेषेत.

एक मात्र कळलं नाही. माळ्याला जायच्या झडपेच्या फटीशी हात धरला तर अजिबात गार वारा लागत नाही. म्हणजे ती झडप ठीक आहे ना?

माळ्यावरची

नाही हो! तिथे गार लागणारच नाही. गरम हवा वर चढते आणि वरच्या फटींतून बाहेर जाते. तुमचा हात खोलीतल्याच हवेत आहे, मग गार कसा लागेल? उदबत्ती पेटवून झडपेच्या कडेशी धरा, धूर फटीकडे ओढला जातो का बघा. (खोलीतूनच धरा, वर ग्लासवूलजवळ नेऊ नका.)

आणि वरून जेवढी हवा जाते तेवढी खालून आत यावीच लागते. तुमच्या दिवाणखान्यात पायाला लागणारा गारठा त्याच हवेचा. खिडक्यांना पट्ट्या लावून तो थोडा कमी होईल, पण ओढ वरून आहे. वर बंद केलंत की खालचं आपोआप सौम्य होतं.

आकडेमोड

ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी. ज्यांना नाही त्यांनी पुढच्या प्रतिसादावर जावं.

वर काहीच न घातलेल्या साध्या छताच्या एका चौरस मीटरमधून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण २.३ वॉट उष्णता जाते. १० सेंटीमीटर ग्लासवूल घातलं की सुमारे ०.४, आणि २५ सेंटीमीटर घातलं की सुमारे ०.१६. छत ८० चौरस मीटर आणि आत-बाहेर २० अंशांचा फरक धरला तर:

काही नसताना ३,६८० वॉट. १० सेंटीमीटरला ६४०. २५ सेंटीमीटरला २५६.

पहिल्या दहा सेंटीमीटरने तीन किलोवॉट वाचले, पुढच्या पंधराने चारशेसुद्धा नाहीत. पुढचे घालू नका असं नाही, हिवाळाभर चोवीस तास चारशे वॉट ही काही किरकोळ गोष्ट नाही. पण आता हवेचा हिशेब बघा. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे ०.३४ वॉट-तास लागतात. फटींतून तासाला ५० घनमीटर हवा निसटत असेल तर ०.३४ × ५० × २० म्हणजे ३४० वॉट. म्हणजे २५ सेंटीमीटर ग्लासवूल घातलेल्या अख्ख्या छतातून जितकी ऊब जाते त्याहून जास्त चार-सहा भोकांतून जाऊ शकते. आणि त्या भोकांवर कितीही ग्लासवूल रचलं तरी ती बंद होत नाहीत, 'माळ्यावरची' यांनी वर लिहिलंच आहे.

झडपेचं गणितही मजेशीर आहे. अर्ध्या चौरस मीटरची झडप, वर काही नाही, म्हणजे अंशामागे १.१५ वॉट. उरलेल्या ७९.५ चौरस मीटर छतावर २५ सेंटीमीटर थर, अंशामागे १२.७ वॉट. छताचा एक टक्कासुद्धा नसलेली झडप गळतीतला आठ टक्के वाटा एकटी उचलते, आणि फटींतून जाणारी हवा यात धरलेलीच नाही.

बिलवाला

एवढं सगळं कशाला? गेल्या वर्षीचं हीटिंगचं बिल आणि या वर्षीचं समोर ठेवा. वाढलं तर छप्पर गळतंय.

आकडेमोड

तसं नाही होत. हा हिवाळा जास्त कडक असेल तर धडधाकट घराचंही बिल वाढतं, शिवाय दर बदलतात. रुपये-डॉलर सोडा, युनिट बघा, आणि त्यांना डिग्री-डेजनी भागा. (दिवसाचं सरासरी तापमान ठरावीक पायाच्या, समजा १८ अंशांच्या, जितकं खाली तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. महिन्याची बेरीज करायची.) भागाकार वाढला तर घरात काहीतरी बदललंय. पण तो बदल छपरात की खिडकीत की बॉयलरमध्ये, हे बिल सांगत नाही.

गच्चीवाला

थोडं अवांतर होईल, पण आमच्याकडे उतरतं छप्पर नाही, सपाट स्लॅब आहे, वर मोकळी गच्ची. बर्फ पडत नाही पण थंडी चांगलीच असते. पहाटे छताला पाण्याचे थेंब धरतात, कोपऱ्यात काळी बुरशी. वॉटरप्रूफिंग दोनदा करून झालं. फरक शून्य. हीपण उष्णता जाण्याचीच भानगड असू शकते का?

कडीपाट

अवांतर कसलं, याच धाग्याचा विषय आहे. तुमची गच्ची बहुधा गळत नाहीये.

काँक्रीट उष्णता अडवत नाही. १५ सेंटीमीटरच्या उघड्या स्लॅबमधून अंशामागे चौरस मीटरला चार वॉटच्या वर जातात, म्हणजे आकडेमोड यांच्या 'काही न घातलेल्या' छताच्याही जवळपास दुप्पट. खोलीत २० आणि बाहेर शून्य असेल तर स्लॅबची आतली बाजू ११-१२ अंशांवर येते. खोलीत ६० टक्के आर्द्रता असेल तर २० अंशांच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, १२ अंश. झालं, छताला घाम फुटला.

ओळखायची खूण अशी. गळती पावसामागोमाग येते, एका जागी येते, आणि वाळल्यावर पिवळट-तपकिरी कडेचा डाग मागे ठेवते. घाम कोरड्या गारठ्याच्या रात्री येतो, सगळीकडे सारखे बारीक थेंब, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळ जास्त, दोन बाहेरच्या भिंती मिळतात त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त. तरी शंका असेल तर प्लास्टिकचा वीतभर तुकडा छत पुसून, कोरडं करून चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि सकाळी बघा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर घाम. प्लास्टिकच्या मागे, स्लॅबच्या बाजूला ओल आली तर पाणी वरून येतंय.

घाम निघाला तर इन्सुलेशन शक्यतो स्लॅबच्या वरून करा. आतून लावलं तर स्लॅब आणखी गार होतो आणि फटीतून मागे शिरलेली वाफ तिथेच जमते, दिसतही नाही.

गच्चीवाला

आमच्याकडे तर पाऊस संपल्यावर दोन-अडीच महिन्यांनी 'गळती' सुरू होते. आज रात्रीच प्लास्टिक लावतो.

उलटतपासणी

थर्मल कॅमेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही. आता फोनला लावायचेही मिळतात, भाड्यानेही मिळतात. एक फोटो काढला की एवढी चर्चा लागणार नाही.

कडीपाट

कॅमेरा चांगला, पण बाहेरून छपराकडे रोखू नका. छप्पर थंड आकाश परावर्तित करतं, पत्र्याचं असेल तर फारच, आणि गळकं छप्परही चित्रात निळंशार दिसतं. आतून छताकडे रोखा, आत-बाहेर निदान १० अंशांचा फरक असताना, पहाटे. दिवसभर तापलेलं छप्पर संध्याकाळी भलतंच चित्र दाखवतं.

चित्रात कडा सरळ आणि चौकोनी गार ठिपका असेल तर तिथला ग्लासवूलचा तुकडा नाही किंवा सरकलाय. बाहेरच्या भिंतीजवळ, छताच्या कडेने गार पट्टा असेल तर वळचणीतून शिरणारा वारा थरातून वाहतोय, किंवा छप्पर उतरतं असल्यामुळे तिथे थरच पातळ आहे. पिसाऱ्यासारखी पसरलेली गार रेष म्हणजे हवेची गळती. पण मघाशी झडपेबद्दल जे बोललो तेच इथेही लागू. वरच्या मजल्याची हवा बाहेर जात असते, त्यामुळे तो पिसारा दिसतच नाही. घरातले सगळे एक्झॉस्ट फॅन लावले की घरातला दाब उतरतो, छताच्या फटींतून माळ्यावरची गार हवा आत ओढली जाते आणि पिसारे उमटतात. तपासणीवाले दारात मोठा पंखा बसवून आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक करतात, ते हेच मोठ्या प्रमाणावर. मात्र घरात धुराड्याचा बॉयलर, गीझर किंवा शेकोटी पेटती असेल तर हा प्रयोग करू नये, धूर आणि कार्बन मोनॉक्साइड घरात उलटा ओढला जाऊ शकतो.

कॅमेरा नसेल तर बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. त्यावर १२:१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे २.४ मीटरवरून तो २० सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळाची सरासरी सांगतो, लाल ठिपक्याचं तापमान नाही. बाहेर शून्य आणि आत २० असताना चांगल्या छताची आतली बाजू खोलीपेक्षा अर्धा अंशसुद्धा खाली नसते, काहीच न घातलेल्या छताची चार-साडेचार अंश खाली असते. छताच्या मधोमध आणि कडेला बघत जा. आकडा अचानक पडला तर तिथे वर काय आहे ते शोधा.

माळ्यावरची

साधनांशिवायची अजून एक खूण. जुन्या रंगाच्या छतावर समांतर अंतराने फिकट करड्या पट्ट्या दिसतात का बघा, दिवा तिरका धरून. तुळयांच्या जागी किंवा तुळयांच्या मधल्या जागी, जे जास्त गार तिथे वर्षानुवर्षं धूळ चिकटत जाते. रंग दिला तरी काही हिवाळ्यांनी परत येतात. लोक रंगाऱ्याला बोल लावतात.

सकाळची_फेरी

आहेत! वरच्या बेडरूममध्ये आहेत. खरंच रंगाऱ्याला बोल लावला होता.

आता पुढचा प्रश्न. ओळखीच्या कंत्राटदाराने दोन गोष्टी सुचवल्या. वळचणीला गरम होणारी केबल लावायची म्हणजे बर्फाचा बांध होणार नाही, आणि माळ्यावर अजून वीस सेंटीमीटर ग्लासवूल. फटी बुजवण्याबद्दल तो काही बोलला नाही.

कडीपाट

केबल ठेवा बाजूला. ती बांधातून पाण्याला वाट करून देते, एवढंच. ऊब जायची ती जातच राहते आणि वर केबलची वीज. फार अडचणीचा कोपरा असेल, दुसरं काही करताच येत नसेल, तिथे ठीक.

ग्लासवूल घ्या, पण फटी आधी. एकदा वीस सेंटीमीटर अंथरलं की खालची भोकं परत कुणी शोधत नाही. फॅनचा पाइप सगळ्यात आधी छपरातून किंवा भिंतीतून बाहेर काढून घ्या, तुमच्या ९ अंशांतला मोठा भाग तो असेल असा माझा अंदाज. मग वायरी, पाइप, भिंतींचे माथे. धुराड्याभोवती फोम चालत नाही, तिथे पत्रा आणि आग सोसणारं सीलंट. छतात बसवलेले जुने दिवे असतील तर ते झाकायला चालणारे आहेत का हे इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय त्यांच्यावर काही टाकू नका. झडपेच्या कडेला रबरी पट्टी आणि पाठीवर जाड बोर्ड. वळचणीची हवेची भोकं मात्र ग्लासवूलने बुजवू देऊ नका, माळ्याला बाहेरची हवा लागते. आणि फटी बुजवल्यावर घर आधीपेक्षा घट्ट होतं, तेव्हा पेटतं उपकरण असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्याचा ड्राफ्ट, म्हणजे धूर धुराड्यातून नीट वर ओढला जातो का, तपासून घ्या.

कंत्राटदाराला एकच विचारा: "थर अंथरायच्या आधी फटी बुजवून मला दाखवाल का?" कां-कूं केलं तर दुसरा बघा.

बिलवाला

तोवर सुळके काठीने पाडून टाकले तर?

माळ्यावरची

सुळक्यांबरोबर पन्हळ खाली येते, नाहीतर सुळका डोक्यावर. खालून जाण्यायेण्याची वाट तेवढी बंद करा. बर्फ जास्त साठलाच तर लांब दांड्याच्या छपराच्या फावड्याने जमिनीवरून, खालचा मीटर-दीड मीटर ओढून काढा.

निवांत_नाना

मी आजच माळ्यावर थर्मामीटर ठेवून आलो. बाहेर २, वर १४. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तो वायरच्या टोकाला सेन्सर असलेला घ्या रे, सेन्सर वर टाकून डबी खाली जिन्यात ठेवता येते, पहाटे शिडी चढायला नको.